कार्ड कापायचं की जपायचं? पोकेमॉनच्या रील्स, जरीच्या तसबिरी आणि कडा छाटलेलं लाखो डॉलरचं एक कार्ड

रील साधारण अशी असते. टेबलावर पोकेमॉनची सहा कार्डं मांडलेली, सहाही एकसारखी. बारीक पात्याचा कटर पहिल्या कार्डाचं मधलं चित्र कापून काढतो, उरते फक्त चौकट. दुसऱ्या कार्डातून मागचं आभाळ घेतलं जातं, तिसऱ्यातून पिकाचूचं अंग, चौथ्यातून नुसते कान आणि शेपटी. प्रत्येक तुकड्याच्या मागे फोम टेपचे छोटे चौकोन लावून थरावर थर चढवले जातात. अर्ध्या मिनिटात सपाट कार्डातला पिकाचू चौकटीच्या बाहेर डोकावायला लागतो.

खाली कमेंट्समध्ये मात्र भांडण पेटलेलं असतं. काही जण म्हणतात, भारी कारागिरी. बाकीचे कपाळ बडवतात की हजारोंचा माल कापून टाकला.

हीच रील परभणी जिल्ह्यातल्या पाथरीत बसलेला आठवीतला मुलगा पाहतो आणि अमेरिकेतला संग्राहकही पाहतो. दोघांच्याही हातात कार्ड आहे, दोघांच्याही घरात कात्री आहे. फरक एवढाच की संग्राहकाला आपल्या कार्डाची किंमत माहीत असते. पाथरीतल्या मुलाला, आणि खरं सांगायचं तर त्याच्या आई-बाबांनाही, ती माहीत नसते. त्यामुळे कार्ड कापणं ही कला आहे की नासधूस, की चक्क गुन्हा, हे एकदा नीट समजून घेऊ.

आधी हे बघू की कागदाच्या एका तुकड्याबद्दल लोक एवढे हळवे का झालेत. जुलै २०२१ मध्ये अमेरिकन यूट्यूबर लोगन पॉलनं 'पिकाचू इलस्ट्रेटर' नावाचं एक कार्ड ५२ लाख ७५ हजार डॉलरला घेतलं. १९९७-९८ मध्ये जपानमधल्या एका मासिकानं चित्रकलेची स्पर्धा घेतली होती आणि त्यातल्या विजेत्यांना हे कार्ड बक्षीस मिळालं होतं. दुकानात ते कधी विकलंच गेलं नाही. या बातमीनंतर जगभरातल्या लोकांनी माळ्यावरचे डबे खाली काढले. आपल्याकडेही काढले. त्यात कुणाला बिग फन बबलगमची क्रिकेटची कार्डं सापडली, कुणाला नव्वदच्या दशकातली कुस्तीगिरांची ट्रंप कार्डं, कुणाला चिप्सच्या पाकिटातले टॅझो. उंची, वजन, छाती, बायसेप्स असे आकडे सांगत पत्ते जिंकणारी पिढी आज चाळिशीत आहे. त्यांना ही जुनी कार्डं बघून हसू येतं आणि मग लगेच प्रश्न पडतो, की याचे काही पैसे मिळतील का?

बहुतेक वेळा उत्तर 'नाही' असंच असतं. पण 'बहुतेक' या शब्दातच सगळी मेख आहे.

दोन कडा आणि २० महिन्यांची कैद

कार्ड कापण्याच्या इतिहासातलं सगळ्यात गाजलेलं प्रकरण बेसबॉलच्या एका कार्डाचं आहे. १९०९ ते १९११ या काळात अमेरिकन टोबॅको कंपनी सिगारेटच्या पाकिटात खेळाडूंची छोटी कार्डं टाकायची. पाकीट चेपू नये म्हणून आत एक जाड कागद लागायचाच, त्यावरच चित्र छापलं की गिऱ्हाईक पुन्हा येतं, असा हा हिशेब. भारतातही साधारण त्याच काळात पेनिन्सुलर टोबॅको कंपनीनं हिंदू देवतांच्या चित्रांची कार्डं काढली होती. सिगारेटच्या पाकिटात देव, ही कल्पना आज केली तर ट्विटरवर काय होईल ते सांगायला नको.

तर अमेरिकेतल्या त्या मालिकेत होनस वॅग्नर नावाच्या खेळाडूचं कार्ड होतं. त्यानं आपलं चित्र वापरायला हरकत घेतली आणि छपाई थांबली. तंबाखूशी नाव जोडलं जायला नको होतं म्हणून, असं काही जण सांगतात. मोबदल्यावरून बिनसलं, असं काही जण. कारण काहीही असो, बाजारात मोजकीच कार्डं आली आणि आज ती पन्नास-साठच्या घरात उरली आहेत.

यातलं एक कार्ड इतरांपेक्षा फारच सुबक होतं. कडा सरळ, कोपरे टोकदार. १९९१ मध्ये आइस हॉकीचा महान खेळाडू वेन ग्रेट्झकी आणि त्याच्या भागीदारानं ते ४ लाख ५१ हजार डॉलरला घेतलं. त्याच सुमारास कार्डांना गुण देणारी पीएसए ही कंपनी सुरू झाली होती. तिनं तपासलेलं हे पहिलंच कार्ड, आणि त्याला १० पैकी ८ गुण मिळाले. एवढ्या जुन्या सिगारेट कार्डाला आठ गुण म्हणजे चमत्कारच. किंमत वाढत गेली. २००७ च्या सुरुवातीला ते २३ लाख ५० हजार डॉलरला गेलं आणि त्याच वर्षी पुन्हा २८ लाख डॉलरला.

शंका लोकांना आधीपासून होती. आठ-नऊ दशकांपूर्वीच्या पाकिटातून आलेल्या कार्डाच्या कडा इतक्या ताज्या कशा? शेवटी ऑक्टोबर २०१३ मध्ये बिल मास्त्रो या बड्या लिलाववाल्यानं अमेरिकेच्या कोर्टात कबूल केलं, की कार्डाच्या बाजूच्या कडा आपणच छाटल्या होत्या. विकताना ते सांगितलं मात्र नव्हतं. त्याच्यावर लिलावात खोट्या बोली लावून भाव फुगवल्याचाही आरोप होता. ऑगस्ट २०१५ मध्ये त्याला २० महिन्यांची कैद झाली.

इथे थोडं थांबून बघा. छाटल्यामुळे कार्ड दिसायला सुंदरच झालं होतं. कागदाची एक बारीक पट्टी गेली, बाकी काही नाही. तरी माणूस तुरुंगात गेला. कारण घेणारा पैसे मोजत होता ते 'इतकी वर्षं कुणीही हात न लावता हे असंच राहिलं' या गोष्टीसाठी. नेमकी तीच गोष्ट खोटी होती.

आता याची उलट बाजू. फेब्रुवारी २०२१ मध्ये याच वॅग्नरचं एक फाटकं कार्ड लिलावात आलं. जवळजवळ अर्धं कार्ड गायब. ते सुमारे ४ लाख ७६ हजार डॉलरला विकलं गेलं. अर्धं आहे हे सगळ्यांना दिसत होतं, कुणी काही लपवलं नव्हतं.

आज पीएसएसारख्या कंपन्या छाटलेल्या कार्डाला गुण देत नाहीत. फार तर 'अस्सल, पण फेरफार केलेलं' असा शिक्का देतात. पण नियमाला अपवाद आहेतच. साठच्या दशकात अमेरिकेत नाश्त्याच्या सीरियलच्या खोक्यावर बेसबॉलची कार्डं छापून यायची आणि पोरांनी ती घरी कात्रीनं कापून काढायची असत. तिथे कापणं हाच नियम होता, त्यामुळे ती कार्डं 'हातानं कापलेली' म्हणूनच तपासली जातात. कुणी रेषेवर कापलंय आणि कुणी वाकडं, एवढाच फरक.

आणि कंपन्या स्वतः काय करतात ते ऐका. २००३ मध्ये डॉनरस या कार्ड कंपनीनं बेब रूथ या दंतकथा बनलेल्या खेळाडूची जुनी जर्सी सुमारे २ लाख ६४ हजार डॉलरला विकत घेतली आणि तिचे तुकडे करून कार्डांमध्ये बसवले. चाहते संतापले, तरी कार्डं विकली गेली. म्हणजे सचिनची एखादी ऐतिहासिक जर्सी घेऊन तिचे हजार-दोन हजार चौकोन करण्यासारखं झालं. कंपनीनं कापलं की ते 'स्मृतिचिन्ह' आणि पोरानं कार्ड कापलं की 'नासधूस'? माझ्या मते रीलवाल्या पोरावर चिडण्याआधी हे आठवायला हरकत नाही.

आपल्या आज्या हेच करत होत्या

महाराष्ट्राला छापील चित्र कापून सजवणं नवं नाही. पोकेमॉनच्या शंभर वर्षं आधीपासून ते आपल्या घरांत चालू आहे.

राजा रवि वर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळच्या मळवलीला हलवला. तैलचित्र विकत घेणं संस्थानिकांनाच परवडायचं. पण दगडी छाप्यावर रंगांचे थर देत छापलेली लक्ष्मी, सरस्वती, शकुंतला, दमयंती साध्या घरातल्या भिंतीवर पोहोचली. हीच चित्रं पुढे कॅलेंडरांवर आली, काडेपेट्यांवर आली, मालाच्या जाहिरातींवर आली. लोक ती जमवायचे, पुजायचे, एकमेकांना द्यायचे.

आणि सजवायचे. लक्ष्मीच्या छापील साडीवर त्याच आकारात कापलेला रेशमी कापडाचा तुकडा डकवायचा, काठाला जर, गळ्यात बारीक मोती, मुकुटावर टिकल्या. चेहरा, हात आणि पाय तेवढे मूळ चित्रातले ठेवायचे. मग काचेची फ्रेम. काही ठिकाणी तर आकृतीच चित्रातून कापून दुसऱ्याच देखाव्यावर चिकटवलेली दिसते, म्हणजे मागे परदेशी छापाचे डोंगर-तळं आणि पुढे आपली देवता. कला-इतिहासकार ज्योतींद्र जैन यांनी अशा कोलाजांचा सविस्तर अभ्यास केला आहे. बंगळुरूच्या गणेश शिवस्वामी यांनी रवि वर्मांच्या छापील चित्रांवर केलेल्या मोठ्या कामात जरी-टिकल्यांनी सजवलेल्या प्रतीही येतात.

रीलमधल्या थर लावलेल्या पिकाचूत आणि या लक्ष्मीत तंत्राचा फार फरक नाही. सपाट छापील आकृतीला कापून, चिकटवून उठाव द्यायचा. एकीकडे फोम टेप, दुसरीकडे खळ आणि रेशीम, इतकंच.

गंमत पुढे आहे. त्या काळात कुणी म्हणालं असतं का, की छान चित्राचा सत्यानाश केला? आज मात्र या सजवलेल्या तसबिरींना संग्राहकांमध्ये आणि संग्रहालयांत स्वतंत्र जागा आहे. कारण साधी छापील प्रत हजारोंनी निघाली, पण अमुक घरातल्या बाईनं स्वतःच्या साडीचा तुकडा लावून सजवलेली प्रत एकच असते. अर्थात याला दुसरी बाजूही आहे. जुनी खळ कागद पिवळा करते, जरीतला धातू काळा पडून डाग सोडतो. काही संग्राहक म्हणूनच निखळ प्रतच शोधतात. मळवलीच्या छापखान्याला १९७२ मध्ये आग लागली, त्यामुळे नव्यानं काही येण्याचाही प्रश्न उरला नाही.

पाथरीचा उल्लेख वर आला. हे गाव राज्यभर गाजलं ते जानेवारी २०२० मध्ये, साईबाबांचं जन्मस्थान म्हणून विकासनिधीची घोषणा झाली आणि त्याविरोधात शिर्डीत बंद पाळला गेला तेव्हा. तो वाद आपला आजचा विषय नाही. पण पाथरी घ्या, शिर्डी घ्या, पंढरपूर घ्या, कुठल्याही देवस्थानच्या बाजारात फिरलात तर देवाच्या फोटोवर टिकल्या आणि मणी लावलेल्या फ्रेम दिसतातच. जुन्या कॅलेंडरावरचा देव कापून पुठ्ठ्यावर डकवणं तर घरोघरचं. वर्ष संपलं म्हणून देवाचं चित्र रद्दीत कसं टाकायचं, हा प्रश्न आपण कात्रीनंच सोडवत आलोय.

सावंतवाडीच्या गंजिफांची गोष्ट वेगळी, पण इथे उपयोगी आहे. गंजिफा म्हणजे हातानं रंगवलेले गोल पत्ते. दशावतारी संचात दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकी १२ पानं, म्हणजे एकूण १२०. ही कला जवळजवळ संपली होती. राजे शिवरामराजे आणि राणी सत्त्वशीलादेवी भोसले यांनी राजवाड्यातच चितारींना बसवून ती पुन्हा उभी केली. जुन्या गंजिफांचं मोठं नुकसान कात्रीनं झालेलं नाही, ते संच फोडल्यामुळे झालं. १२० पानांतली देखणी दहा फ्रेममध्ये गेली की उरलेल्या ११० पानांनी खेळ होत नाही आणि ती दहाही अर्धी मुकी होतात. एकाही पानाला पातं न लावता संच मारता येतो.

विकायला काढलं की कायदा येतो

आपण विकत घेतलेलं कार्ड आपल्याच घरात कापायला कुणाची परवानगी लागत नाही. प्रश्न सुरू होतो तो विकताना. आणि आता गावागावांतून लोक इन्स्टाग्रामवर अशा फ्रेम विकतात, म्हणून हे जरा नीट बघू.

नेमका हाच प्रश्न अमेरिकेत दोनदा कोर्टात गेला आणि दोन वेगळी उत्तरं आली. एक कंपनी चित्रांच्या पुस्तकातली पानं कापून सिरॅमिकच्या टाइल्सवर चिकटवून विकायची. १९८८ मध्ये तिथल्या एका अपील कोर्टानं सांगितलं, हे कॉपीराइटचं उल्लंघन आहे, कारण यातून मूळ कामापासून नवीन रूपांतर तयार झालं. पुढे त्याच कंपनीनं अ‍ॅनी ली या चित्रकर्तीची छापील नोटकार्डं टाइल्सवर लावली. १९९७ मध्ये दुसऱ्या अपील कोर्टानं सांगितलं, यात काहीच उल्लंघन नाही. चित्र फ्रेममध्ये लावलं तर ते रूपांतर होतं का? मग टाइलवर लावल्यानं कसं होईल? मला दुसरं उत्तर जास्त पटतं. पण तिथल्या कोर्टांचं एकमत नाही, हे खरं.

आपल्याकडे कॉपीराइट कायदा १९५७ चा. एकदा बाजारात आलेली अस्सल प्रत पुन्हा विकायला त्यातल्या कलम १४ ची आडकाठी नाही. कंपनीचा हक्क नव्या प्रती काढण्यावर आहे. म्हणजे खरी सहा कार्डं विकत घेऊन त्यांचं एक थरांचं चित्र करणं वेगळं आणि तेच चित्र स्कॅन करून कलर प्रिंटरवर सहा प्रती काढणं वेगळं. दुसऱ्या प्रकारात तुम्ही सरळ नक्कल करताय. बरेच हौशी विक्रेते पैसे वाचवायला हेच करतात, आणि धोका तिथेच आहे.

मग कलम ५७. हा कलावंताचा नैतिक हक्क, कंपनीचा नव्हे. पोकेमॉन कार्डावर चित्रकाराचं नाव बारीक अक्षरात छापलेलं असतं, उदाहरणार्थ मित्सुहिरो अरिता. आपल्या कामाची अशी मोडतोड झाली की त्यामुळे प्रतिष्ठेला धक्का बसेल, तर तो कलावंत दाद मागू शकतो. शिल्पकार अमरनाथ सहगल यांनी विज्ञान भवनातल्या आपल्या ब्रॉन्झ भित्तिशिल्पाच्या दुर्दशेबद्दल सरकारला कोर्टात खेचलं. २००५ मध्ये दिल्ली हायकोर्टानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला, शिल्प परत करायला सांगितलं आणि पाच लाखांची भरपाई दिली. पण २०१९ मध्ये वास्तुरचनाकार राज रेवाल 'हॉल ऑफ नेशन्स' पाडल्याबद्दल गेले, तेव्हा त्याच हायकोर्टानं सांगितलं, की मालकाला स्वतःची इमारत पाडण्यापासून रोखता येणार नाही. जे उरलंच नाही त्यानं प्रतिष्ठेला धक्का कसा बसेल? ऐकायला विचित्र वाटतं, पण यातून असा अर्थ निघतो की पूर्ण नष्ट करणं एक वेळ चालेल, विद्रूप करून मिरवणं अडचणीचं ठरू शकतं. पिकाचूला शेपटीचा उठाव दिल्यानं कुणाची बदनामी होत नाही. त्याला अश्लील पोझमध्ये चिकटवून विकलंत, तर गोष्ट वेगळी.

ट्रेडमार्कचं कलम मात्र फार लोकांना माहीत नसतं. १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्याचं कलम ३० सांगतं, की कायदेशीरपणे घेतलेला माल पुढे विकायला ट्रेडमार्कवाला अडवू शकत नाही. पण त्याच कलमाचं चौथं उपकलम म्हणतं, बाजारात आल्यावर मालाची स्थिती बदलली असेल किंवा खराब झाली असेल तर तो हरकत घेऊ शकतो. कापून थर लावलेलं कार्ड म्हणजे स्थिती बदललेला मालच. म्हणून 'पोकेमॉनची अधिकृत थ्रीडी फ्रेम' असं लिहून विकणं हा शुद्ध मूर्खपणा आहे. 'खऱ्या कार्डांपासून हातानं बनवलेली, कंपनीशी संबंध नाही' एवढं लिहिलं तरी बराच धोका कमी होतो.

क्रिकेटपटूंच्या कार्डांबद्दल एक निकाल लक्षात ठेवण्यासारखा आहे. डिजिटल प्लेअर कार्डं विकणाऱ्या रारिओ कंपनीनं प्रतिस्पर्धी स्ट्रायकरविरुद्ध दावा केला, की खेळाडूंची नावं आणि चित्रं वापरायचा हक्क आमच्याकडेच आहे. एप्रिल २०२३ मध्ये दिल्ली हायकोर्टानं अंतरिम मनाई नाकारली. खेळाडूचं नाव आणि त्याची आकडेवारी सार्वजनिक माहिती आहे आणि त्यावर आधारित कलात्मक चित्राला अभिव्यक्ती स्वातंत्र्याचं संरक्षण मिळू शकतं, असा त्या निकालाचा सूर होता. हाताने कोलाज करणाऱ्यांना यातून थोडा धीर मिळतो. अर्थात तो अंतरिम टप्प्यावरचा निकाल होता, शेवटचा शब्द नाही.

खणातलं कार्ड कापण्याआधी

समजा पाथरीतल्या त्या मुलाच्या हातात खरंच कार्ड आहे. कटर उचलण्याआधी पाच मिनिटं काढावीत.

आधी ते अस्सल आहे का बघा. आपल्याकडे स्टेशनरीच्या दुकानांत आणि ऑनलाइन जी पिवळीधमक सोनेरी पोकेमॉन कार्डं पुडक्यानं मिळतात, ती जवळजवळ सगळी नकली असतात. खऱ्या कार्डाच्या दोन कागदी थरांमध्ये एक काळसर पातळ थर असतो, त्यामुळे मागून मोबाइलचा टॉर्च धरला तर उजेड कमी येतो. नकलीतून तो भसकन येतो. नकली कार्ड कापून शिकायला सगळ्यात उत्तम, हात साफ होतो आणि नुकसान शून्य. फक्त त्याची फ्रेम करून विकायला जाऊ नका, कारण नकली मालाची विक्री हा ट्रेडमार्क कायद्याखाली गुन्हा आहे.

अस्सल निघालं तर खालच्या कोपऱ्यातलं चिन्ह वाचा. गोल म्हणजे सर्रास मिळणारं, चौकट म्हणजे जरा कमी मिळणारं, तारा म्हणजे दुर्मीळ. रीलमधले जाणते कारागीर गोलवालीच कार्डं वापरतात, कारण एका चित्राला पाच-सहा प्रती लागतात आणि ढिगानं मिळतात त्या गोलवाल्याच. कमेंटमध्ये कपाळ बडवणाऱ्यांना बहुतेक वेळा हेच ठाऊक नसतं. तारा असेल, कार्ड १९९९-२००० च्या सुमारचं असेल किंवा त्यावर पहिल्या आवृत्तीचा शिक्का असेल, तर पातं बाजूला ठेवा आणि त्याच कार्डाच्या झालेल्या विक्रीचे भाव शोधा. मागितलेले भाव नाही, झालेले. ऑनलाइन कुणीही कितीही मागतो.

कार्डानं खेळायचं असेल तर नियम वेगळे. 'मॅजिक: द गॅदरिंग'च्या स्पर्धांत रंगवलेली किंवा सजवलेली कार्डं चालतात, पण मूळ चित्र ओळखू आलं पाहिजे, नाव आणि वापरण्याची किंमत झाकली जाता कामा नये. थर लावून जाड झालेलं कार्ड मात्र गड्डीत लगेच कळून येतं, त्यामुळे ते भिंतीवरच बरं.

आणि तुम्ही घेणारे असाल तर? न छाटलेलं म्हणून छाटलेलं कार्ड गळ्यात मारलं, तर ती फसवणूक आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये फसवणूक येते. पण दोन-पाच हजारांच्या कार्डासाठी पोलीस ठाण्याच्या पायऱ्या चढण्याआधी ग्राहक आयोगाचा रस्ता बघा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. विक्रेता दिल्लीचा असो वा बंगळुरूचा, पाथरीतल्या ग्राहकाला परभणीच्या जिल्हा आयोगात दाद मागता येते, तीही ऑनलाइन. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. त्याआधी १९१५ या हेल्पलाइनवर फोन करून बघा, बरेच विक्रेते तिथेच नरमतात.

यात एक मोठी पाचर आहे. 'ग्राहक' म्हणजे स्वतःच्या वापरासाठी घेणारा. पुढे चढ्या भावानं विकायलाच घेतलं होतं, हे चॅटमधून दिसलं तर समोरचा वकील पहिला मुद्दा तोच काढेल, की हा ग्राहकच नाही, व्यापारी आहे. 'भाऊ, सहा महिन्यांत डबल होईल ना?' असं विक्रेत्याला लिहून ठेवणाऱ्यांनी याचा विचार करावा. त्यापेक्षा पैसे देण्याआधी दोनच गोष्टी मागाव्यात. चारही कडांचे जवळून काढलेले फोटो आणि पट्टी ठेवून मोजलेलं माप. पोकेमॉनचं कार्ड ६३ बाय ८८ मिलिमीटर असतं. माप अर्धा-एक मिलिमीटरनं कमी भरलं आणि कडा मात्र शेजारच्या कार्डापेक्षा कोऱ्या दिसत असतील, तर विक्रेत्याला सरळ विचारा, कटर कुठल्या कंपनीचा वापरता.